एकाच सरकारचे दोन कागद

होळी जवळ आली की आपल्या चांदूर बाजारच्या बसस्टँडवर परतवाड्याच्या गाडीला गर्दी होते. डोक्यावर बोचकी, कडेवर लेकरं, हातात विळे. ही सगळी कोरकू माणसं. हरबरा सोंगायला, तुरी काढायला आपल्या वावरात आलेली असतात आणि होळीला काहीही करून घरी पोचायचं असतं. आपल्याकडं दिवाळी तशी त्यांच्याकडं होळी. कोणी मजुरी थकवली तरी भांडत बसत नाहीत, पण होळी चुकवत नाहीत.

यंदा भावाच्या वावरात हरबरा सोंगायला जी टोळी होती, तिच्यातला एक जण मात्र निघायच्या गडबडीत दिसला नाही. धुऱ्यावर निवांत बिडी ओढत बसला होता. मी सहज विचारलं, "दादा, होळीले गावी नाई जात का?"

तो म्हणाला, "कोन्त्या गावी?"

मला वाटलं चेष्टा करतो. मग कळलं, त्याचं मूळ गाव मेळघाटात, वाघांच्या राखीव क्षेत्रात होतं. ते उठलं आणि अकोट तालुक्यात सपाटीवर नवीन वस्ती झाली. तिथं त्याचं घर आहे, पक्कं आहे, लाईट आहे. इकडं तो सोयऱ्यांच्या टोळीसोबत आला होता. होळीला सासरवाडीच्या गावात जाणार होता, कारण ते गाव अजून जंगलात आहे. "आमचा मुठवा तिकडंच राह्यला," एवढंच बोलला आणि उठून कामाला लागला.

मुठवा म्हणजे कोरकूंचा गावदेव. प्रत्येक गावाचा वेगळा. घरावरचे पत्रे उचलून नेता येतात, मुठवा नेता येत नाही.

त्या दिवसापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. माझ्या आजोबाचं वावर आज माझ्या भावाच्या नावावर आहे. त्या माणसाच्या आजोबाचं वावर त्याच्या नावावर का नाही? दोघांचे आजे एकाच जिल्ह्यातले. एक डोंगराच्या खाली, एक डोंगरावर. अंतर किती, तर पहाटे आभाळ साफ असलं की आपल्या गच्चीवरून सातपुडा दिसतो, एवढंच.

आपण नेहमी म्हणतो की मेळघाटातली माणसं वाघामुळं उठली. मीही वीस वर्षं बातम्यांत असंच लिहिलं. आता मला वाटते की ते अर्धंच खरं आहे. वाघ आला १९७४ साली. त्याच्या शंभर वर्षं आधीच या विस्थापनाचा पाया घातल्या गेला होता, आणि तो घातला कागदानं.

थोडं मागं जाऊ.

१८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीच्या फौजेनं गाविलगड घेतला. त्यानंतर देवगावचा तह झाला. पुढं वऱ्हाड निजामाकडं राहिला. निजामावर कंपनीच्या फौजेच्या खर्चाची थकबाकी चढली आणि १८५३ च्या तहानं वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडं आला. मुलूख कागदावर निजामाचा, वसुली इंग्रजांची.

आता इंग्रजांना वऱ्हाड कशाला पाहिजे होता? कापसासाठी. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद पडला, मँचेस्टरच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि आपल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. त्याच दशकात सपाटीवर जमिनीची मोजणी सुरू झाली. मुंबई इलाख्यात चालायची तशी रयतवारी पद्धत. साखळी टाकून वावर मोजलं, धुऱ्यावर दगड रोवले, सर्व्हे नंबर पडला, नंबरासमोर कास्तकाराचं नाव लागलं आणि सारा ठरला. सारा भरत राहा, जमीन तुझी. विक, गहाण ठेव, पोराच्या नावानं कर.

आपल्या घरोघरी जो सातबारा आहे, त्याची मुळी तिथं आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी काही फार मोठा पराक्रम केला म्हणून तो कागद मिळाला नाही. सरकारला कापूस पाहिजे होता, कापसासाठी कास्तकार जागेवर टिकायला पाहिजे होता, म्हणून मिळाला. तोही सगळ्यांना नाही. गावातल्या किती तरी दलित, भूमिहीन घरांना तेव्हाही तो कागद दिसला नाही, आजही गायरानाच्या तुकड्यासाठी त्यांचे हेलपाटे सुरू आहेत. हे विसरायचं नाही.

आता डोंगरावर काय झालं ते पहा.

त्याच सरकारला त्याच दशकात त्याच रेल्वेसाठी आणखी एक माल पाहिजे होता. लाकूड. रुळाखाली स्लीपर लागतात, पुलाला तुळया लागतात. मेळघाटात साग भरपूर. म्हणून खाली साखळी घेऊन मोजणीदार फिरत असताना वर जंगल खातं हद्दीच्या खुणा करत होतं. देशात १८६५ चा आणि मग १८७८ चा वन कायदा झाला. वऱ्हाड कायद्यानं इंग्रजी मुलूख नव्हता, म्हणून इथं १८८६ चा वेगळा वन कायदा लागू केला. पुढं १९२७ चा भारतीय वन कायदा आला, तो आजही चालू आहे.

राखीव जंगल झालं म्हणजे काय झालं? कोरकू पिढ्यान्‌पिढ्या जंगलाचा तुकडा साफ करायचा, पालापाचोळा जाळायचा, राखेत कोदो-कुटकी पेरायचा, दोन-तीन वर्षांनी दुसरीकडं सरकायचा. त्या पद्धतीत धुरा नाही, दगड नाही, नंबर नाही. सरकारच्या लेखी ही शेतीच नव्हती, जंगलाची नासाडी होती. ती बंद करण्यात आली. मोहाची फुलं, चारोळी, तेंदू, डिंक, जळण, चराई, हे सगळं त्याचं होतं, ते आता 'सवलत' झालं. सवलत म्हणजे देणाऱ्याची मर्जी. हक्क असता तर काढून घेताना कारण द्यावं लागलं असतं. सवलतीला तेही लागत नाही.

जंगल तोडायला, रस्ते करायला, वणवा विझवायला माणसं तर लागत होती. म्हणून जंगल खात्यानं ठिकठिकाणी वनग्रामं वसवली. राहा, थोडं कसा, पण बोलावलं की कामाला या. जमीन खात्याची, कसणारा मजूर. त्याच्या हातात कागद आलाच तर तो पट्ट्याचा. मालकीचा नाही.

म्हणजे एकच सरकार, एकच काळ, एकच रेल्वे. खाली दिलेल्या कागदानं आपल्याला मालक केलं. वर लिहिलेल्या कागदानं कोरकूला त्याच्याच घरात भाडेकरू केलं. 'कोरकू' शब्दाचा अर्थ त्यांच्या भाषेत नुसता 'माणसं' असा आहे. सरकारी दप्तरात मात्र माणसं जंगलाच्या यादीत गेली.

इंग्रज गेले. वऱ्हाड जुन्या मध्य प्रदेशातून १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. दोन कागदांतला फरक तसाच राहिला.

मग १ एप्रिल १९७३ ला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट होतं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ मध्ये अभयारण्य झालं, १९८७ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यान. २००७ च्या डिसेंबरात सुमारे १५०० चौरस किलोमीटर क्षेत्र वाघांसाठी 'अतिसंरक्षित' जाहीर झालं.

वाघ वाचवायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर कॉमेंटमध्ये तेच सुरू होईल. पूर्णा सातपुड्यातून येते. विश्रोळीच्या धरणाचं पाणी तिचंच. आपल्या संत्र्याच्या बागा, आपल्या नळाचं पाणी त्या डोंगरातल्या झाडीवर उभं आहे. जंगल राहिलं पाहिजे, वाघ राहिला पाहिजे. माझा प्रश्न एवढाच आहे, की त्याची किंमत कोणी मोजली आणि ती कशावरून ठरली?

पहिली उठली कोहा, कुंड आणि बोरी, २००० सालाच्या आगेमागे. अकोट तालुक्यात राजुरा गिरवापूरला त्यांचं पुनर्वसन झालं. नंतरच्या दशकात वैराट, त्याच्या जवळची चुर्णी, पस्तलाई, अमोना, नागरतास, बारुखेडा, धारगड, सोमठाणा, गुल्लरघाट, केलपाणी अशी नावं यादीत येत गेली. यातली बरीच गावं अकोट-तेल्हाऱ्याच्या सपाटीवर आली.

२००८ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचं नवं पॅकेज आलं. एका कुटुंबाला १० लाख. एक तर पैसे घ्या आणि मोकळे व्हा, किंवा त्याच रकमेत खातं तुम्हाला जमीन-घर करून देईल. २०२१ मध्ये ही रक्कम १५ लाख झाली.

इथं थोडं थांबा. 'एका कुटुंबाला' हा शब्द नीट वाचा.

आपल्याकडं समृद्धी महामार्ग गेला. आपल्या चांदूर बाजारातून नाही, चांदूर रेल्वे, धामणगाव, नांदगाव खंडेश्वर तालुक्यांतून. तिथं मोबदला कसा ठरला? एकरानं. जमीन कोरडवाहू की ओलिती, विहीर आहे का, संत्र्याची झाडं किती, घर आहे का, प्रत्येकाचा हिशोब वेगळा. कारण हातात सातबारा होता. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं तर ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदल्याची सोय केली.

मेळघाटात जमिनीचा भाव झाला नाही. माणसांची मोजणी झाली. १८ वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब, विधवा बाई वेगळं कुटुंब, अशी यादी करून तिला १० लाखांनी गुणलं. एखाद्याकडं आठ एकर वहिती असो की काहीच नसो, पॅकेज तेच. भूमिहीनाला यात फायदा झाला, हे खरं आहे आणि ते सांगितलं पाहिजे. काही जण स्वतःहून बाहेर आले, हेही खरं. दवाखाना, शाळा, डांबरी रस्ता कोणाला नको असतो? पावसाळ्यात बाळंतीण खाटेवर टाकून नेलेल्या घराला विचारा. पण मोहाचं झाड, चाऱ्याचं कुरण, नदीतले मासे, रानभाजी, बांबू याचा रुपया कुठल्याच रकान्यात बसला नाही. जे आपलं म्हणून कधी लिहिलंच गेलं नाही, त्याची भरपाई कोण देणार?

आणि एक गोष्ट, जी आमच्या बातम्यांत क्वचितच आली. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके घटनेच्या पाचव्या अनुसूचीतलं क्षेत्र आहे. तिथं १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, ग्रामसभेला खास अधिकार आहेत. अकोला जिल्ह्यात असं क्षेत्र नाही. म्हणजे चिखलदऱ्यातलं गाव डोंगर उतरून अकोटच्या हद्दीत आलं, की घर तर बदलतंच, पण त्याच्या ग्रामसभेची ताकदही डोंगरावरच राहते. मुठव्यासारखी.

२००६ चा वनहक्क कायदा या सगळ्यावरचा उतारा होता. त्याच्या प्रस्तावनेत संसदेनं स्वतः कबूल केलं की या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला हक्क, गावाला सामूहिक वनहक्क. आणि संरक्षित क्षेत्रातून कोणाला हलवायचं असेल तर आधी हक्क नोंदवून पूर्ण करा, मग ग्रामसभेची मोकळी आणि पूर्ण माहिती देऊन घेतलेली संमती घ्या, नव्या जागी सोयी तयार करा, तेव्हा हलवा. वन्यजीव कायद्यातल्या २००६ च्या दुरुस्तीतही वाघांच्या क्षेत्रासाठी हेच आहे. क्रम महत्त्वाचा आहे. आधी हक्काचा कागद, नंतर स्थलांतर. मेळघाटातल्या लोकांची आणि कार्यकर्त्यांची मुख्य तक्रार हीच राहिली की हा क्रम उलटा झाला. ज्याच्या हातात कागदच नाही, तो 'नाही' म्हणणार तरी कशाच्या जोरावर?

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल.

२०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ च्या जानेवारीत पुनर्वसित गावातली माणसं परत जंगलात गेली. नव्या जागी शेती नाही, काम नाही, आजारपण आणि मृत्यू वाढले, दिलेले शब्द पाळले नाहीत, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. २०१९ च्या जानेवारीत केलपाणी-गुल्लरघाट भागात त्यांचा आणि वन कर्मचारी-पोलिसांचा संघर्ष झाला. दोन्हीकडचे लोक जखमी झाले.

मी तेव्हा एका दैनिकाला बातम्या पाठवायचो. बातमी मी फोनवर घेतली, एका बाजूकडून. शीर्षकात 'हल्ला' शब्द होता. संध्याकाळी सातच्या आत पाठवायची होती, गाडी नव्हती, रस्ता बंद होता, ही सगळी कारणं आहेत आणि ती खरी आहेत. पण 'ही माणसं पक्कं घर सोडून थंडीत जंगलात परत का गेली?' हा पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या आठवड्यात शिकवतात तो प्रश्न मी विचारला नाही. त्या गावात मी नंतरही गेलो नाही. धुऱ्यावर बसलेल्या त्या माणसाला मी हे सांगितलं नाही. सांगायला तोंड नव्हतं.

त्याच वर्षी १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं वनहक्काचे दावे फेटाळल्या गेलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला आणि देशभर ओरड झाल्यावर २८ फेब्रुवारीला त्याला स्थगिती दिली. पंधरा दिवसांत लाखो घरांचा जीव वरखाली झाला. आपल्या तालुक्यात त्याची चर्चासुद्धा झाली नाही. आपल्याला वाटलं, आपल्याकडं सातबारा आहे.

पण सातबारा तरी किती पुरतो? शेजारच्या मोर्शीला विचारा. अप्पर वर्धाच्या धरणात ज्यांची वावरं गेली, त्यांच्याकडं कागद होते. तरी मोबदला आणि नोकरीसाठी त्यांना तहसीलसमोर महिनोन्‌महिने बसावं लागलं, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्यातल्या काहींनी मुंबईत मंत्रालयातल्या जाळीवर उड्या मारल्या. ती बातमी आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केली, कारण ते आपले कास्तकार होते. कोरकू आपले नाहीत का? आपला हरबरा कोणी सोंगला मग?

दुसरी बाजूही दाखवतो, नाहीतर ही पोस्ट नुसतं रडगाणं होईल. परतवाड्याहून जवळच पायविहीर नावाचं छोटं गाव आहे. २०१२ मध्ये त्याला सुमारे १९२ हेक्टर जंगलाचा सामूहिक वनहक्क मिळाला. परतवाड्याच्या 'खोज' संस्थेची त्यात मदत होती. जंगल कसलं, उजाड बरड होतं ते. लोकांनी झाडं लावली, पाणी अडवलं, चराईबंदी स्वतःवर लावून घेतली. सीताफळ मुंबईपर्यंत विकलं. २०१४ मध्ये गावाला भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. ज्या माणसांपासून जंगल वाचवायला दीडशे वर्षं कायदे झाले, त्याच माणसांनी कागद हातात पडल्यावर जंगल उभं केलं. लागला तो एक कागद आणि काही वर्षांची मेहनत.

सगळीकडं पायविहीर होईल असं मी म्हणत नाही. वाघाच्या अगदी गाभ्यातलं गाव आणि पायथ्याचं गाव यात फरक आहे. पण कोणाला हलवायचं असेलच, तर आधी तो मालक आहे हे लिहून द्या, मग मालकाशी बोलतात तसं त्याच्याशी बोला. समृद्धीच्या वेळी अधिकारी आपल्या कास्तकाराच्या ओसरीवर येऊन बसले होते, भाव सांगत होते, ऐकून घेत होते. तेवढंच.

मी ठरवलं आहे, पावसाळ्याआधी अकोटकडच्या त्या वस्त्यांत जाऊन येणार. सोबत यायचं असेल त्यांनी सांगा. आणि एक विनंती. तुमच्या वावरात जी टोळी येते, तिला यंदा मजुरी देताना गाव विचारा. जुनं गाव कोणतं, नवं कोणतं, वनहक्काचा दावा केला होता का, कागद मिळाला का, एवढं विचारून इथं लिहा. नाव लिहू नका, फक्त गाव लिहा. आपल्या तालुक्यात दरवर्षी एवढी माणसं येऊन जातात आणि त्यांच्या गावांची साधी यादीसुद्धा आपल्याकडं नाही.

होळीला परतवाड्याची शेवटची गाडी भरून गेली. तो माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी निघाला, सासरवाडीला. जाताना भावाला म्हणाला, तुरीच्या वेळेस येतो. भावानं त्याचा मोबाईल नंबर लिहून घेतला. नावापुढं काय लिहायचं म्हणून गाव विचारलं. तो क्षणभर थांबला आणि त्यानं जुन्याच गावाचं नाव सांगितलं.